परदेशात मास्टर्स करायचंय? आधी हप्त्याचा आकडा काढा, मग देश, मग युनिव्हर्सिटी

मी बँकेत एज्युकेशन लोनच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलंय. आता तिथे नाही, पण ठाण्यातल्या आणि ऐरोली-खारघरकडच्या ओळखीतली मुलं आणि त्यांचे आईबाबा अजूनही फाइल घेऊन येतात, आणि जवळपास सगळेच उलट्या क्रमाने निघालेले असतात. आधी युनिव्हर्सिटी आवडते, मग देश ठरतो, मग ॲडमिशन येते, पेढे वाटून होतात, आणि पैशांचं बोलणं सुरू होतं ते डिपॉझिट भरायला दहा दिवस उरलेले असताना, तेव्हा मग जो पहिला होकार देईल त्याच्याकडून मिळेल त्या दराने कर्ज उचललं जातं. म्हणून हा लेख पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी, मुलांसाठी पण आणि आईबाबांसाठी पण. क्रम मी दिलाय तोच ठेवा.

पायरी १ : कर्ज किती मिळेल ते सोडा, फेडता किती येईल ते बघा

कागद घ्या आणि एकच प्रश्न लिहा. मास्टर्स झालं, तिथे नोकरी नाही लागली किंवा व्हिसाचं नाही जमलं, मुलगा किंवा मुलगी परत आली आणि ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये नाहीतर वागळे इस्टेटमध्ये इथल्या पगारावर रुजू झाली, तर घर चालवून दर महिन्याला हप्ता किती भरता येईल? हा आकडा तुमचा खरा बजेट आहे. डॉलरमधल्या पगारावर हप्ता मांडू नका, तो पगार मिळाला तर उत्तमच, कर्ज लवकर फिटेल.

हिशोब करून दाखवते. समजा ४० लाख कर्ज, व्याज १०.५ टक्के, दोन वर्षांचा कोर्स, पैसे चार सेमिस्टरला १०-१० लाख असे गेले आणि हप्ता कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू झाला. त्या अडीच वर्षांत साधं व्याजच साधारण ७ लाख ३५ हजार चढतं. म्हणजे हप्ता सुरू होताना तुमच्या डोक्यावर ४० नाही, ४७ लाखांच्या वर रक्कम असते, आणि दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता येतो जवळपास ६४ हजार. दहा वर्षांत एकूण परतफेड ७६-७७ लाख. हे ऐकून बरेच बाबा गप्प होतात, पण हे सही करायच्या आधी ऐकलेलं बरं.

आता हेच उलटं लावा. हप्ता २५ हजार झेपतोय असं ठरलं तर त्याच दराने दहा वर्षांसाठी मूळ कर्ज साधारण साडेपंधरा लाख बसतं, पंधरा वर्षांची मुदत घेतली तर एकोणीस लाखांच्या आसपास. त्यात घरची बचत मिळवा. आईबाबांचा पीएफ आणि रिटायरमेंटचे पैसे यात धरू नका असं माझं ठाम मत आहे, मुलाला कर्ज मिळू शकतं पण साठीनंतर जगायला कर्ज कोणी देत नाही.

आलेला आकडा पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचं सगळं त्याच्या आत बसवायचंय.

पायरी २ : त्या आकड्यात कुठला देश बसतो

जर्मनी. बजेट १५-२० लाखांचं असेल तर पहिलं नाव हेच. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये ट्यूशन फी नाही, दर सेमिस्टरला फक्त सेमिस्टर काँट्रिब्यूशन भरायचं, शहराप्रमाणे साधारण १०० ते ३५० युरो. पण फुकट फुकट म्हणून जे सांगितलं जातं त्याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, हायडेलबर्ग वगैरे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे २०१७ पासून. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने पण २०२४-२५ पासून नवीन परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४ ते ६ हजार युरो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, वर्षाचे ११,९०४ युरो, १०० रुपयांच्या वर युरो धरला तर बारा लाखांच्या पुढे. हे पैसे कुठे जात नाहीत, तुमचेच असतात, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो असे तुमच्या हातात येतात आणि त्यातच राहणं, खाणं, हेल्थ इन्शुरन्स बसवायचा. म्युनिकसारख्या महाग शहरात तेवढ्यात बसत नाही, आणि दुसऱ्या वर्षी परमिट वाढवताना पुन्हा पैसे दाखवावे लागतात, तेव्हा दोन्ही वर्षांचा हिशोब आजच मांडा. डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

मला जर्मनीबद्दल एकच काळजी वाटते, ती भाषेची. कोर्स इंग्रजीत असतो म्हणून मुलं निर्धास्त जातात आणि नोकरी शोधताना अडतात, कारण बहुतेक कंपन्यांना कामापुरतं जर्मन हवंच असतं. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनला किंवा ऑनलाइन इथूनच सुरुवात करा, ए१ ही पहिली पातळी करून थांबू नका, निघायच्या आधी बी१ पर्यंत पोचायचं बघा.

अमेरिका. इथे फी बहुतेक क्रेडिटवर, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवलेल्या गुणभारावर असते. समजा ३० क्रेडिटचा मास्टर्स आणि क्रेडिटला १,५०० डॉलर, तर ४५ हजार डॉलर फक्त फी. डॉलर ९० रुपये धरला तर साडेचाळीस लाख. राहणं-खाणं महिन्याला १,५०० डॉलर धरलं तर २१ महिन्यांचे आणखी २८ लाख. म्हणजे सत्तरीच्या घरात, वर इन्शुरन्स वेगळा. क्रेडिटला ५००-७०० डॉलरवाल्या सरकारी युनिव्हर्सिट्या पण आहेत, छोट्या गावांमध्ये, नाव ऐकलेलं नसतं म्हणून आपण त्यांच्याकडे बघत नाही. बघा.

कोर्सनंतर ओपीटीवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर १२ महिने काम करता येतं आणि कोर्स स्टेममध्ये, म्हणजे सायन्स-टेक्नॉलॉजी-इंजिनिअरिंग-गणितात मोडत असेल तर आणखी २४. त्यानंतर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आणि अर्ज त्याच्या कितीतरी जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली, ती कोणाला लागू आणि कोणाला नाही यावर बराच गोंधळ झाला, त्यामुळे निर्णय घेण्याआधी यूएससीआयएसच्या (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) साइटवर त्या दिवशी काय लिहिलंय ते स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवर आलेल्यावर जाऊ नका.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगते कारण आपल्याकडे फार कमी घरांत ही चर्चा होते. ज्यांना रिसर्चची मनापासून आवड आहे त्यांनी अमेरिकेत बॅचलर्सनंतर थेट पीएचडीला अर्ज करावा. सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या चांगल्या विभागांत पीएचडीला बहुतेक वेळा फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो. पाच-सहा वर्षांचं काम आहे, फक्त पैसे वाचवायला म्हणून जायची गोष्ट नाही ती, पण आवड असेल तर कर्ज न काढता जाता येतं.

इंग्लंड. मास्टर्स एक वर्षाचा, त्यामुळे एकूण खर्च दिसतो तेवढा वाढत नाही. बऱ्याच कोर्सची फी २० ते ३५ हजार पौंड. यात लोक विसरतात तो हेल्थ सरचार्ज, वर्षाला ७७६ पौंड, आणि एका वर्षाच्या कोर्सला व्हिसा थोडा जास्त महिन्यांचा मिळतो म्हणून तो १,१६४ पर्यंत जातो. डिग्रीनंतर ग्रॅज्युएट रूटवर दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती मुदत १८ महिने केली आहे. लग्न झालेल्यांनी लक्षात घ्या, रिसर्चचा नसलेल्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सवर नवरा-बायको-मुलांना डिपेंडंट म्हणून नेणं जानेवारी २०२४ पासून बंद आहे.

कॅनडा, ऑस्ट्रेलियाचे नियम गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या वेळा बदललेत की जुन्या सल्ल्यावर काहीही करू नका. कॅनडात एसडीएस नावाची पटकन व्हिसा देणारी सोय होती ती नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली तरी अजून लोक तिच्याबद्दल विचारतात. ऑस्ट्रेलियाची स्टुडंट व्हिसा फी जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, अर्ज नाकारला गेला तरी ती परत येत नाही.

आणि आपल्या दारातलं पण सांगते. नवी मुंबईत विमानतळाजवळ एज्युसिटी, म्हणजे परदेशी युनिव्हर्सिट्यांच्या कॅम्पसचं संकुल होतेय, जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीचं आयईडी अशा पाच संस्थांना मुंबईसाठी लेटर ऑफ इंटेंट (तत्त्वतः होकाराचं पत्र) मिळालंय. परदेशातली नोकरी हा हेतू असेल तर याचा उपयोग नाही, पण फक्त त्या संस्थेची डिग्री हवी असेल तर घरी राहून शिकण्याचा खर्च किती येतो ते विचारून ठेवायला हरकत नाही.

पायरी ३ : कोर्स निवडताना रँकिंग शेवटी बघा

आधी कोर्सचं पान उघडून सगळे विषय वाचा. नाव डेटा सायन्स आणि आत निम्मे मॅनेजमेंटचे विषय असं सर्रास असतं. तुमच्या बॅचलर्समध्ये जे विषय झालेत ते प्रीरिक्विझिटमध्ये, म्हणजे आधी झालेले हवेत अशा विषयांत बसतात का बघा, जर्मनीत तर क्रेडिट मोजून नाकारतात, मेकॅनिकलवाल्याने कॉम्प्युटर सायन्सला अर्ज केला तर मार्क कितीही असू देत. तीन वर्षांचं बीएस्सी-बीकॉम-बीएमएस झालेल्यांनी आणखी एक बघायचं, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, काही युनिव्हर्सिट्या चालवून घेतात काही नाही, अर्जाची फी भरायच्या आधी ग्रॅज्युएट ऑफिसला ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या.

जर्मनीसाठी तुमची सीजीपीए त्यांच्या पद्धतीत बदलून बघा. पद्धत सोपी आहे: कमाल मार्कांतून तुमचे मार्क वजा करा, कमाल आणि पासिंगच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहापैकी ७.८ आणि पासिंग ४ असेल तर २.१ येतात. तिथे १ सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. बऱ्याच कोर्सना २.५ किंवा त्याहून चांगला हवा असतो.

अमेरिकेसाठी कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे तिथल्या सरकारी वर्गीकरणातला नंबर विचारा, स्टेमचं एक्स्टेन्शन त्या कोडवर मिळतं, कोर्सच्या नावावर नाही. एकाच युनिव्हर्सिटीत दोन सारख्या नावाचे कोर्स असतात, एक स्टेम आणि एक नाही.

मग लिंक्डइनवर जा, त्या कोर्समधून गेल्या दोन वर्षांत पास झालेली भारतीय मुलं शोधा, त्यातही मुंबई युनिव्हर्सिटीची, आणि ती आत्ता काय काम करतायत ते बघा. सरळ मेसेज करा की ताई किंवा दादा, मी ठाण्याची, या कोर्सबद्दल तीन प्रश्न विचारायचेत. प्रश्न नेमके ठेवा: इंटर्नशिप किती जणांना लागली, महिन्याचा खरा खर्च किती, आणि पुन्हा निवडायचं झालं तर हाच कोर्स घ्याल का. बरीच मुलं मनापासून उत्तर देतात, कारण तीही याच रांगेतून गेलेली असतात.

कन्सल्टंटबद्दल. नौपाड्यात गोखले रोडवर आणि वाशीला सेक्टर १७ मध्ये पावलापावलावर ऑफिसं आहेत, आणि सल्ला फ्री असं लिहिलेलं असतं. सल्ला फ्री असतो कारण अनेकदा ॲडमिशन झाली की युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळतं. यात बेकायदा काही नाही, चांगले लोकही आहेत, फक्त जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांकडून असं कमिशन नसतं म्हणून तिथल्या प्रायव्हेट कॉलेजचं नाव वारंवार पुढे केलं जातं, जिथे फी दहा-पंधरा लाख किंवा जास्त. जर्मनीला जायचं आणि वर फी पण भरायची, मग बजेटमध्ये बसतंय म्हणून तो देश निवडला होता त्याचं काय झालं? त्यांना सरळ विचारा की या यादीतल्या कुठल्या कॉलेजकडून तुम्हाला पैसे मिळतात. अर्जाचा लॉगिन आयडी, पासवर्ड तुमच्याच ईमेलवर ठेवा आणि एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन, स्वतः लिहा, दुसऱ्याने लिहिलेली वाचणाऱ्याला लगेच कळते.

अर्ज किती करायचे? सहा ते आठ पुरे. अमेरिकेत एका अर्जाला ६० ते १२५ डॉलर लागतात, आठ अर्जांचे साठ-सत्तर हजार रुपये होतात. जर्मनीत युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमधून गेलात तर पहिल्या अर्जाला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो.

पायरी ४ : परत न द्यावे लागणारे पैसे आधी शोधा

ही पायरी लोक टाळतात कारण फॉर्म किचकट असतात. टाळू नका, राज्य सरकारच्या योजनांमध्ये तर पूर्ण फी आणि राहण्याचा खर्च निघतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी बहुजन कल्याण विभागाची, आदिवासी विकास विभागाची वेगळी, खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची. बहुतेकांत उत्पन्नाची मर्यादा आणि युनिव्हर्सिटी क्यूएस या जागतिक रँकिंगमध्ये अमुक नंबरच्या आत अशी अट असते. म्हणजे वर मी रँकिंग शेवटी बघा म्हटलं, पण तुम्ही यातल्या एखाद्या योजनेत बसत असाल तर तुमच्यासाठी रँकिंग सगळ्यात आधी, त्या यादीतल्याच युनिव्हर्सिट्यांना अर्ज करा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप पण आहे, वर्षाला १२५ जागा, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि युनिव्हर्सिटी क्यूएसच्या पहिल्या ५०० मध्ये.

या सगळ्यांना ऑफर लेटर अनकंडिशनल, म्हणजे कुठलीही अट न घातलेलं लागतं, इथे बरीच मुलं अडकतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला हे तहसीलदार कार्यालयाचं काम आपले सरकार पोर्टलवरून सहा महिने आधीच करून ठेवा. जाहिरात आल्यावर पळापळ करून दाखला मिळत नाही.

ट्रस्टच्या स्कॉलरशिप आपल्या मुंबईतच आहेत. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून देतंय, ती लोन स्कॉलरशिप आहे म्हणजे परत करायची, पण बँकेसारखं घर तारण ठेवायला लागत नाही. के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी कर्ज देतात. यांच्या तारखा साधारण जानेवारी ते मार्च-एप्रिलमध्ये येतात, म्हणजे ॲडमिशनची वाट बघत बसलात तर त्या निघून जातात, बऱ्याच ठिकाणी ॲडमिशन यायच्या आधीच अर्ज चालतो.

बाहेरच्यांपैकी इरास्मस मुंडस बघाच, युरोपात किमान दोन देशांत शिकायचं, फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. इंग्लंडसाठी शेव्हनिंग, पण त्याला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात परत यावं लागतं. अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू पण अनुभव असलेल्यांसाठीच.

दोन गैरसमज. पढो परदेश ही व्याज सवलतीची योजना २०२२ मध्ये बंद झाली, जुन्या पानांवर अजून दिसते. आणि पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. मात्र राज्याच्या ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे आणि त्यात परदेशी शिक्षण येतं, ती विचारा.

पायरी ५ : कर्ज, आणि त्याहून महत्त्वाचे घराचे कागद

सरकारी बँकेचा दर साधारण ९ ते साडेदहाच्या आसपास, प्रायव्हेट फायनान्स कंपन्यांचा ११ ते साडेतेरा. पहिल्या पायरीतल्या ४० लाखांवर दर एक टक्क्याने वाढला तरी दहा वर्षांत लाखांत फरक पडतो. फायनान्स कंपनी चार दिवसांत होकार देते आणि सरकारी बँक महिना-दीड महिना घेते, म्हणून मे-जूनमध्ये धावणारे सगळे महाग कर्जात जातात. फेब्रुवारीत सुरुवात करा म्हणजे निवडायला वेळ राहील.

साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही. पुढे लागतं, मात्र बँकांच्या स्वतःच्या निवडक युनिव्हर्सिट्यांच्या याद्या असतात, तुमची ॲडमिशन त्यात असेल तर मोठी रक्कमही तारणाशिवाय मिळते. प्रत्येक बँकेची यादी वेगळी, तीन बँकांत विचारा. मुलींना बऱ्याच सरकारी बँकांत अर्धा टक्का सवलत आहे. ४ लाखांच्या वर परदेशासाठी १५ टक्के मार्जिन, म्हणजे स्वतःचा वाटा तुम्हाला घालावा लागतो, स्कॉलरशिप मिळाली असेल तर ती यात धरतात.

आता तारण. आपल्या भागात फाइल अडते ती इथेच, मार्कांवर किंवा पगारावर क्वचित.

नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोची, लीजवर. घर तुमच्या नावावर असलं तरी गहाण ठेवायला सिडकोची एनओसी लागते, ती यायला वेळ जातो, तेव्हा लोनचा अर्ज द्यायच्या आधीच तिच्या मागे लागा. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे इथल्या गावठाणातल्या इमारती, किंवा दिवा-मुंब्र्याकडच्या परवानगी नसलेल्या इमारती, बँक तारण म्हणून घेत नाही, फ्लॅटची बाजारात किंमत कितीही असो. नौपाड्यातली पागडीची खोलीही चालत नाही, कारण मालकी आपली नसते. जुन्या ठाण्यात आता गल्लीगल्लीत रीडेव्हलपमेंट चालू आहे, सोसायटीचा बिल्डरशी करार झाला असेल तर बँकेच्या वकिलाला आधी विचारा.

लागणारे कागद: रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), रिसेलचा फ्लॅट असेल तर पहिल्या मालकापासूनची सगळी साखळी, ओसी (इमारतीचा भोगवटा दाखला), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, मालमत्ता कराची पावती, मंजूर नकाशा. ओसी नसलेल्या इमारती आपल्याकडे खूप आहेत, आजच सेक्रेटरीकाकांना विचारून ठेवा. फ्लॅट आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसांची नावं लावून घेणं हे सगळ्यात आधीचं काम, त्यात आत्या, काका सगळ्यांच्या सह्या येतात आणि महिने जातात. घरावर होमलोन चालू असेल तर त्याच बँकेत जा, उरलेल्या किमतीवर तिथे सोय होऊ शकते. घर नकोच असेल तर एफडी किंवा एलआयसी पॉलिसीवरही कर्ज होतं. व्हॅल्युएशन आणि सर्च रिपोर्टचा (मालकीची तपासणी) खर्च तुमचा.

आईबाबांपैकी जे को-ॲप्लिकंट आहेत त्यांचा सिबिल स्कोअर आत्ताच काढा. जुनं क्रेडिट कार्ड थकलेलं असेल, कोणाला जामीन राहिलेले असाल, सगळं तिथे दिसतं. तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न लागतात, धंदा असलेल्यांनी रिटर्न वेळेवर भरा. आणि लोनसोबत इन्शुरन्सचा एकरकमी प्रीमियम जोडून देतात, तो कितीचा आहे आणि कर्जातच मिळवलाय का ते विचारून मग सही करा.

पायरी ६ : वेळापत्रक

ऑगस्ट-सप्टेंबरला जायचं असेल तर आदल्या वर्षीच्या एप्रिल-मेपासून सुरुवात. पासपोर्ट नसेल तर आधी तो, ठाण्याचं सेवा केंद्र वागळे इस्टेटला आहे. पावसाळ्यात जीआरई ही प्रवेशपरीक्षा आणि इंग्रजीची आयईएलटीएस किंवा टोफेल, जीआरईचे मार्क पाच वर्षं चालतात, इंग्रजीच्या परीक्षांचे दोनच. जीआरई बऱ्याच ठिकाणी आता मागत नाहीत, उगाच वीस-बावीस हजार घालायच्या आधी तुमच्या यादीतल्या किती जणांना ती हवीय ते मोजा.

ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचं अधिकृत पत्रक) मुंबई युनिव्हर्सिटीचा अर्ज लवकर करा, कलिनाच्या परीक्षा भवनात गर्दीच्या महिन्यांत वेळ लागतो. केटीच्या मार्कशीटसकट सगळ्या मार्कशीट जपून ठेवा, जर्मनीच्या एपीएसला, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासणाऱ्या केंद्राला सगळं दाखवावं लागतं. एपीएस सर्टिफिकेट भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, फी १८ हजार, आणि काही युनिव्हर्सिट्या ते अर्जासोबतच मागतात, म्हणून ऑक्टोबरच्या आत अर्ज टाका. अमेरिकेचे महत्त्वाचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. शिफारसपत्रासाठी प्रोफेसरांना दिवाळीच्या सुट्टीआधी भेटा, सोबत तुमचा सीव्ही आणि त्यांच्या विषयात केलेल्या प्रोजेक्टची एक पानाची माहिती द्या, सरांना शंभर मुलं असतात, लक्षात राहत नाही.

पायरी ७ : ॲडमिशन आल्यावर

अमेरिकेकडून फंडिंगची ऑफर आली असेल आणि १५ एप्रिलच्या आत हो म्हणा असा दबाव येत असेल, तर ती युनिव्हर्सिटी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या १५ एप्रिलच्या ठरावात सामील आहे का बघा, असेल तर त्या तारखेपर्यंत विचार करायचा हक्क तुम्हाला आहे. फंडिंग नसेल तरी विभागाला नम्रपणे विचारा, थोडी फी माफी देऊ शकाल का. नाही म्हटलं तर नुकसान काही नाही.

पैसे दाखवण्याचे नियम देशागणिक वेगळे. अमेरिकेच्या आय-२० ला, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या फॉर्मला पहिल्या वर्षाचा खर्च दाखवायचा, बँक बॅलन्स, एफडी, लोन सँक्शन लेटर चालतं, फ्लॅट किंवा सोनं नाही, आणि मामा किंवा काकांनी लेखी जबाबदारी घेतली तर त्यांचेही पैसे चालतात. इंग्लंडला मामाची एफडी चालत नाही, पैसे तुमच्या किंवा आईबाबांच्या नावावर, सलग २८ दिवस खात्यात, एक दिवस जरी कमी पडले तरी व्हिसा जाऊ शकतो. लोन असेल तर मान्यताप्राप्त बँकेचं पत्र चालतं. अमेरिकेच्या व्हिसाला १८५ डॉलर आणि त्याआधी सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी) ३५० डॉलर, इंटरव्ह्यू बीकेसीला, पावसाळ्यात तारीख असेल तर ट्रेन बंद पडायचा हिशोब धरून निघा.

फी पाठवताना दोन-तीन ठिकाणचा दर विचारा, डॉलरमागे एक रुपया फरक असला तरी २० हजार डॉलरवर वीस हजार रुपये होतात. घरच्या पैशांतून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवले तर टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स कापतात, तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. बँकेकडून घेतलेल्या एज्युकेशन लोनमधून गेलेल्या फीवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही, म्हणून फी लोनमधून आणि राहण्याचा खर्च घरून अशी विभागणी बऱ्याच घरांना सोयीची पडते. पार्टटाइमच्या कमाईवर फी मांडू नका, अमेरिकेत सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास आणि तेही कॅम्पसवर, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. त्यातून किराणा आणि फोन निघतो.

कर्जाच्या व्याजावर कलम ८०ई ची वजावट आठ वर्षं मिळते, रकमेला मर्यादा नाही, पण जुन्या टॅक्स पद्धतीतच, त्यामुळे को-ॲप्लिकंट आईबाबांनी दोन्ही पद्धतींनी टॅक्स काढून बघावा. आणि शक्य असेल तर कोर्स चालू असतानाच दर महिन्याचं साधं व्याज भरत रहा, बँक सक्ती करत नसली तरी. पहिल्या पायरीतलं ४० लाखांचं उदाहरण घ्या, पहिल्या सहा महिन्यांत महिन्याला पावणेनऊ हजार भरायचे, पुढे जसजसे पैसे उचलाल तसं वाढत शेवटी पस्तीस हजारांपर्यंत जातं. ते जमलं तर नंतरचा हप्ता ६४ हजारांऐवजी ५४ हजार होतो, आणि अर्धंच जमलं तरी ५९ च्या आसपास.